जुन्या फोनवर पेज पांढरं, नव्या फोनवर पावती वजा दीडशे (जावास्क्रिप्टचं अनडिफाइंड प्रकरण)

यावल_रोड
मंडळी मदत पाहिजे. केळीच्या एका व्यापाऱ्याचं काटापावतीचं वेबपेज माझ्या गळ्यात पडलंय, आधी जो मुलगा बघायचा तो पुण्याला नोकरीला गेला. पेज साधं आहे, गाडी भरली की वजन टाकायचं, भाव सर्व्हरवरून येतो, हमाली-तोलाई वजा होते आणि पावती निघते, शेतकरी पण लिंक उघडून आपापल्या फोनवर बघतो.

आता तक्रारी दोन. एक म्हणजे काही शेतकऱ्यांच्या फोनवर पेज उघडतच नाही, नुसतं पांढरं. दुसरी त्याहून वाईट, नव्या फोनवर पेज छान उघडतं पण मधूनच एखाद्या पावतीवर एकूण रक्कम "-१५०" येते. वजा दीडशे! शेतकऱ्यानं गाडीभर माल द्यायचा आणि वरून दीडशे रुपये पण द्यायचे असा हिशोब. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर दिसायची जागा) एररसुद्धा नाही, सगळं स्वच्छ.

कोड उघडला तर त्या पठ्ठ्यानं जिथं तिथं ?. टाकून ठेवलंय. नमुना देतो, खरी नावं इंग्रजीत आहेत, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत केलीत:

`पावती?.शेतकरी?.खाते?.गाव`
`पावती?.दर?.भाव * पावती?.वजन`

आधी म्हणे "कॅनॉट रीड प्रॉपर्टी ऑफ अनडिफाइंड" (अनडिफाइंड म्हणजे जे मुळात नाहीच, त्याच्या आतलं वाचता येत नाही) सारखं यायचं म्हणून त्यानं हा उपाय केला होता. कुठून सुरुवात करू?

अमळनेरी
हाई ते भारीच काम व्हयनं भो! आते शेतकरीच पैसा दी का काय?

धुळे_कोडर
?. टाकलं हे बरोबरच केलं की त्यानं, आजकाल सगळे तेच वापरतात. मधली एखादी गोष्ट नसेल तर एरर न देता अनडिफाइंड देतं आणि पेज पडत नाही. जुने फोन बदलायला सांगा, २०२० नंतरच्या सगळ्या ब्राउझरात चालतं ते.

चोपडेकर_ताई
धुळेकर भाऊ, "फोन बदला" हे शेतकऱ्याला कोण सांगणार, तुम्ही येता का तापीकाठी सांगायला?

यावल, तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ ते ?. च आहे, पण दोन निराळ्या कारणांनी, म्हणून एकेक घेते.

पांढऱ्या पेजचं आधी. ?. हे भाषेचं व्याकरण आहे, फंक्शन नाही. क्रोम ८०, फायरफॉक्स ७४, सफारी १३.१ यांच्यापासून ते समजतं, हे सगळे २०२० च्या सुरुवातीचे. त्याआधीचा ब्राउझर ही फाइल वाचायला घेतो, पहिल्या ?. पाशी अडतो, सिंटॅक्स एरर देतो आणि ती अख्खी फाइल टाकून देतो. म्हणजे फक्त ती ओळ चुकते असं नाही, त्या फाइलमधली एकही ओळ चालत नाही. ट्राय-कॅच (एरर पकडायची सोय) लावूनही उपयोग नाही, कारण ट्राय चालायच्या आधीच वाचन फसलेलं असतं. म्हणून पांढरं.

आधीचा एरर होता तेव्हा निदान गावाच्या ओळीपर्यंतचं पेज तरी दिसत असणार. उपायानं तेवढंही गेलं.

पॉलिफिलनं, म्हणजे ब्राउझरात नसलेली सोय वरून जोडणाऱ्या कोडनं, हे सुटत नाही हे पण लक्षात घ्या. प्रॉमिस नाही, इन्क्लूड्स नाही असं असेल तर कोअर-जेएस हे पॉलिफिल टाकून भर घालता येते, व्याकरणाला भर घालता येत नाही. बिल्ड करतानाच, म्हणजे फाइल तयार होतानाच, बेबेल नावाच्या टूलकडून ते जुन्या भाषेत उतरवून घ्यावं लागतं. टायपस्क्रिप्ट असेल तर ३.७ पासून तेही टार्गेट (कोणत्या जुन्या जावास्क्रिप्टपर्यंत उतरवायचं ते) खाली ठेवलं की उतरवून देतं.

कोणते फोन आहेत ते सांगा आधी. वजा दीडशेचं रात्री लिहिते, आता स्टँडअप मीटिंग आहे.

नंदुरबार_नेट
माझं सायबर आहे त्यामुळे जुन्या मशीनचा खजिना माझ्याकडेच. एक सांगतो, विंडोज ७ दिसलं की लगेच "जुना ब्राउझर" असं समजू नका, विंडोज ७ वर क्रोम १०९ पर्यंत येतो आणि त्यात ?. मस्त चालतं. एक्सपीवर मात्र क्रोम ४९ वर गाडी थांबलेली. आणि कितीतरी लोकांच्या फोनमध्ये जागाच नसते, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेला असतो, म्हणून क्रोम वर्षानुवर्षं अपडेट होत नाही. तेव्हा फोन कोणता ते न विचारता ब्राउझरचं व्हर्जन बघा.

यावल_रोड
बघितले. एक अँड्रॉइड ५ वाला आहे, क्रोम ७० च्या घरातला. दोघंतिघं जिओफोनवाले आहेत. आणि एक पोलिसपाटलांच्या मुलाचा आयफोन ६, तो म्हणतो माझा तर आयफोन आहे, जुना कसा.

चोपडेकर_ताई
आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जातच नाही, आणि त्यावर क्रोम टाकला तरी आतलं इंजिन ॲपलचंच असतं, म्हणून त्याला सफारी १२ च धरा. जिओफोनमध्ये काईओएस २.५ आहे, आत फायरफॉक्स ४८ च्या काळचं गेको इंजिन. तिथं ?. तर नाहीच, असिंक-अवेट (उत्तराची वाट बघायचं नवं व्याकरण) पण नाही, ते ५२ ला आलं. अँड्रॉइड ५ वाल्याला प्ले स्टोअरवरून ९५ पर्यंत क्रोम मिळेल, त्याचा प्रश्न अपडेटनं मिटेल, बाकीच्यांचा मिटणार नाही. ब्राउझरलिस्टमध्ये, म्हणजे बेबेल वाचतो त्या ब्राउझरांच्या यादीत, फायरफॉक्स ४८ आणि आयओएस १२ अशी नावं घालून बिल्ड करा.

भुसावळ_लोको
यार तुम्ही लोकांनी आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) बघितला नाही म्हणून ?. चं रडताय. आम्ही आयई ७-८ वर दिवस काढलेत. `[केळी, कापूस, मका,]` असं शेवटी एक स्वल्पविराम राहिला की आयई ८ पर्यंत त्याची लांबी ४ मोजायचा, शेवटचा माल अनडिफाइंड, मग लूपमध्ये "इज नल ऑर नॉट ॲन ऑब्जेक्ट". फायरफॉक्समध्ये तीच फाइल गुमान चालायची. आणि सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे कन्सोल. आयई ८-९ मध्ये त्या टॅबमध्ये डेव्हलपर टूल एकदा उघडेपर्यंत कन्सोल हीच गोष्ट अनडिफाइंड. म्हणजे क्लायंट म्हणतो चालत नाही, तुम्ही तपासायला टूल उघडता आणि लगेच चालायला लागतं! तुम्ही त्याला खोटं पाडता, तो तुम्हाला.

क्लिकचं पण तसंच, आयई ८ मध्ये ऑनक्लिकला इव्हेंट हातात मिळायचाच नाही, विंडो डॉट इव्हेंटमधून उचलायचा आणि टार्गेटच्या जागी सोर्स-एलिमेंट बघायचं.

धुळे_कोडर
काका आयई २०२२ च्या जूनमध्येच रिटायर झाला, श्रद्धांजली पण वाहून झाली

नंदुरबार_नेट
रिटायर झाला पण पेन्शनवर येऊन बसतो रोज. एजमध्ये आयई मोड आहे आणि मायक्रोसॉफ्टनं तो किमान २०२९ पर्यंत ठेवायचं सांगितलंय. माझ्याकडे एका ऑफिसच्या जुन्या पोर्टलचे फॉर्म भरायला माणसं येतात, ते त्या मोडशिवाय उघडत नाही. त्यात इंजिन आयई ११ चं, म्हणजे क्वेरी-सिलेक्टर-ऑलनं पानावरून गोळा केलेल्या यादीवर सरळ फॉरईच (एकेक घेणारा लूप) लावला की "ऑब्जेक्ट डझन्ट सपोर्ट प्रॉपर्टी ऑर मेथड".

भुसावळ_लोको
हां, आणि हा जो एरर आहे ना तो निराळ्या जातीचा. यात तुमचा डेटा ठीक असतो, ब्राउझरकडेच ती सोय नसते. तिथं ?. लावून गप्प बसवलं तर लूप फिरणारच नाही आणि यादी रिकामी दिसेल. यावल भाऊ, एरर दिसला की आधी हेच विचारायचं, डेटा नाही, सोय नाही, की भाषाच कळली नाही. तीन रोग आहेत, औषध एक नाही चालत.

आणखी एक जुनं. `== अनडिफाइंड` असं लिहायला आम्ही घाबरायचो कारण जावास्क्रिप्टच्या ईएस५ आवृत्तीच्या आधी, म्हणजे २००९ पूर्वीच्या नियमात, अनडिफाइंड हे साधं बदलता येणारं नाव होतं, कुणाच्या तरी स्क्रिप्टनं त्यात भलतंच काही भरलं की संपलं. म्हणून टाइपऑफ लावून अवतरणातल्या 'अनडिफाइंड' शब्दाशी तुलना करायची. ती सवय अजून कामाची आहे, कारण जे नाव मुळात जाहीरच केलेलं नाही त्याच्यावर टाइपऑफ रेफरन्स एरर देत नाही. एखादं ग्लोबल आहे की नाही हे बघायला तेच बरं.

शिरपूरकर
माझी थोडी भर. पेज कुणी ॲपच्या वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतला ब्राउझर) उघडत असेल तर लोकल स्टोरेज (फोनवर डेटा ठेवायची जागा) बघा. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये डॉम स्टोरेजची सेटिंग चालू केली नसेल तर लोकलस्टोरेज नल (म्हणजे रिकामं) मिळतं आणि गेट-आयटमवर पेज आडवं. क्रोममध्ये तीच लिंक ठणठणीत. हे अनडिफाइंड नाही, नल आहे, पण दोन्हीची तपासणी `== नल` या एका तुलनेत होते, दोन बरोबर चिन्हांची, तिथं तीन वापरली तर अनडिफाइंड निसटतं.

आणि उलटा प्रकार पण होतो, नव्या ब्राउझरात जुना कोड मरतो. इव्हेंट डॉट पाथ (क्लिक कोणकोणत्या घटकांतून गेलं ती यादी) क्रोम १०९ ला काढून टाकलं, आमचा मेनू बंद व्हायचाच थांबला होता. आता कम्पोज्ड-पाथ वापरतो. तसंच गोडाऊनच्या लॅनवर एचटीटीपीनं पेज उघडलं की कॅमेऱ्यासाठी लागणारं मीडिया-डिव्हायसेसच अनडिफाइंड, एचटीटीपीएस केलं की हजर. नवाकोरा फोन होता तो.

यावल_रोड
बेबेल लावलं, अँड्रॉइडवाला उघडला!! आयफोन ६ आणि जिओफोन अजून पांढरे. बिल्डची फाइल उघडून ?. शोधलं, एकच सापडलं आणि ते पण `रुंद?.५:१` असं काहीतरी आहे. हेच का?

चोपडेकर_ताई
ते नाही. ते साधं टर्नरी (असेल तर हे, नाहीतर ते) आहे, फाइल आकसणाऱ्या मिनिफायरनं ०.५ चं शून्य खाल्लं म्हणून तसं दिसतं. ?. च्या लगेच पुढे आकडा असला तर त्याला टर्नरीच मानायचं असा भाषेतच नियम केलाय, नाहीतर जुन्या कित्येक साइट फुटल्या असत्या.

तुमच्या पेजवर आलेखाची एखादी लायब्ररी वेगळी लोड होते का? किंवा बंडलमध्ये (बिल्डमधून निघालेली एकत्र फाइल) नोड-मॉड्यूल्समधलं, म्हणजे बाहेरून घेतलेल्या लायब्ऱ्यांच्या फोल्डरमधलं, काही आहे का? बहुतेक सगळे सेटअप बेबेलला नोड-मॉड्यूल्स वगळायला सांगतात, त्यामुळे तुमचा कोड उतरतो आणि पाहुण्याचा जसाच्या तसा जातो. आजकालच्या लायब्ऱ्या ?., ??, असिंक सगळं तसंच छापून देतात.

शोधायला एक करा. पेजमध्ये सगळ्यात वर, वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये, अगदी जुन्या पद्धतीनं, नुसतं व्हार आणि फंक्शन वापरून विंडो डॉट ऑनएरर लिहा आणि मेसेज, फाइल, ओळ हे सरळ पानावर छापा. वेगळा टॅग का, तर एका टॅगचं वाचन फसलं तरी दुसरा टॅग चालतो. मेन फाइलमध्येच लिहिलंत तर तीही फाइलबरोबर बुडेल. जिओफोनला केबल लावून बघणं म्हणजे वैताग असतो, त्यापेक्षा हे बरं. सर्व्हरवर पाठवायचं असेल तर फेच नको, नवी इमेज तयार करून तिच्या सोर्समध्ये मेसेज चिकटवा, ते सगळीकडे जातं. लायब्ररी दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर नुसतं "स्क्रिप्ट एरर" असं मोघम दिसेल, मग टॅगला क्रॉसओरिजिन लावा आणि समोरच्या सर्व्हरची परवानगी आहे का बघा.

यावल_रोड
सापडलं! भावाचा आलेख काढणारी लायब्ररी, सीडीएनवरून (बाहेरचा फाइल-सर्व्हर) "लेटेस्ट" ओढत होती. म्हणजे आमच्या बाजूनं काहीच न बदलता एके दिवशी फुटली असणार. व्हर्जन बांधून घेतलं आणि बंडलमध्ये घेऊन बेबेलमधून काढली. मग आयफोन आणि जिओफोन दोन्ही रिजनरेटर-रनटाइम (उतरवलेल्या असिंकला लागणारी फाइल) इज नॉट डिफाइंड म्हणत होते, ते आयात केल्यावर दोन्ही उघडले. जिओफोनवर बारीक दिसतं पण दिसतं.

अमळनेरी
पाटलांचा पोरगा खूश. शेवभाजीची पार्टी घ्या त्याच्याकडून

धुळे_कोडर
मॉड्यूल (नव्या ब्राउझरांसाठी) आणि नोमॉड्यूल (जुन्यांसाठी) असे दोन बिल्ड का नाही करत, नव्या फोनला जड फाइल कशाला द्यायची?

चोपडेकर_ताई
करा, पण क्रोम ६१ पासूनच मॉड्यूल समजतं आणि ?. समजतं ८० पासून. मधले सगळे मॉड्यूलवाली फाइल उचलतील आणि तिथंच पडतील. यावलचा तो अँड्रॉइडवाला बरोबर त्याच पट्ट्यात आहे. म्हणजे मॉड्यूलच्या बिल्डमध्ये पण ?. उतरवावंच लागतं.

आता वजा दीडशे. यावल, मला सांगा, ज्या पावत्या वजा आल्या त्या सकाळच्या आहेत का, भाव जाहीर व्हायच्या आधी भरलेल्या गाड्यांच्या?

यावल_रोड
हो!! सगळ्या सकाळच्या. तुम्हाला कसं कळलं ताई

चोपडेकर_ताई
कारण भाव नसताना पण पावती सेव्ह होतेय. तुमचीच ओळ बघा, `पावती?.दर?.भाव * पावती?.वजन`. सकाळी सर्व्हर दर पाठवतच नाही, मग डावीकडे अनडिफाइंड. अनडिफाइंड गुणिले काहीही म्हणजे एनएएन ("हा आकडाच नाही"). इथं एरर नाही, पेज पुढे चाललं. मग ही रक्कम जेसनमध्ये (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) सर्व्हरला जाते, आणि जेसनमध्ये एनएएन लिहिताच येत नाही, जेसन बनवणारं स्ट्रिंगिफाय तिथं गुपचूप नल लिहितं. डेटाबेसमध्ये नल. छापायचं पेज ती पावती परत वाचतं आणि एकूणमधून हमाली वजा करतं, तर जावास्क्रिप्टमध्ये हिशोबात नल म्हणजे शून्य. नल वजा १५० बरोबर उणे १५०. अनडिफाइंड राहिला असता तर निदान एनएएन छापून आलं असतं आणि कुणीतरी ओरडलं असतं.

तो पहिला एरर, "कॅनॉट रीड प्रॉपर्टी", तो सांगत होता की भाव आलेला नाही, थांबा. त्याचं तोंड बंद केलं म्हणून चूक तीन ठिकाणं फिरून पावतीवर आकडा बनून आली.

धुळे_कोडर
बापरे. पण मग काय ?. वापरूच नये का? मी टायपस्क्रिप्ट वापरतो, त्यात हे झालं नसतं.

भुसावळ_लोको
झालं असतं. टाइप फक्त कंपाइल होईपर्यंत, चालताना सगळे पुसलेले असतात. सर्व्हरनं दर पाठवला नाही तर टाइपला कोण विचारतंय. तुम्ही "दर असतोच" असं लिहून दिलंत की टायपस्क्रिप्ट तुमच्यावर विश्वास ठेवतं.

धुळे_कोडर
हां, पण दर "असेल किंवा नसेल" असा लिहिला असता तर गुणाकाराच्या ओळीवर कंपायलर अडला असता ना, स्ट्रिक्ट मोडमध्ये. एवढं तर मान्य करा काका.

भुसावळ_लोको
मान्य. खरं लिहिलं तर.

चोपडेकर_ताई
गाव, फोन नंबर, वाडीचं नाव, जिथं रिकामं राहिलं तरी चालतं तिथं ?. खुशाल ठेवा, बेबेल उतरवतोच आहे. पैशाच्या खात्यात नको. सर्व्हरचा डेटा आला की एकाच ठिकाणी, दारातच तपासा: दर आहे का, भाव हा आकडा आहे का, वजन शून्यापेक्षा जास्त आहे का. नसेल तर सेव्हचं बटण बंद आणि वर ठळक "आजचा भाव अजून आलेला नाही". त्याच्या आत मग कुठेच ?. लावायची गरज नाही, सरळ लिहा, फुटलं तर फुटू द्या.

शिरपूरकर
याला माझा थोडा विरोध आहे. काट्यावर गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि तुमचं पेज म्हणतं सेव्ह होणार नाही. तो मुनीम वहीच काढणार. वजन तरी सेव्ह होऊ द्या, भाव बाकी ठेवून.

चोपडेकर_ताई
हे बरोबर आहे, मान्य. मग "भाव बाकी" अशी पावतीची खरी अवस्थाच ठेवा, रकमेच्या जागी आकडा नकोच, आणि तोपर्यंत छापायला देऊ नका. पण ते ठरवून केलेलं असावं, ?. नं आपोआप झालेलं नको.

आणि यावल, कोडमध्ये `पावती.तोलाई || १०` असं काही आहे का बघा बरं.

यावल_रोड
आहे. अगदी तसंच आहे.

चोपडेकर_ताई
तोलाई माफ करून कुणी ० टाकलं तर तिथं १० लागतायत. || ला शून्य पण "नाही" च वाटतं. `??` लावा म्हणजे फक्त नल आणि अनडिफाइंडलाच १० लागेल, बेबेल तेही उतरवतं. नाहीतर साधा `== नल` चा इफ.

यावल_रोड
व्यापाऱ्याला सांगितलं तर तो म्हणे माफ केलेली तोलाई कापली जाते म्हणून दोन शेतकरी भांडून गेलेत, मी समजलो मुनीम खातो. मुनीमानं आता माझ्याकडून चहा वसूल केलाय.

दारातली तपासणी लावली, "भाव बाकी" चालू केलं. आता डेटाबेसमध्ये ज्या नल पावत्या पडल्यात त्यांचं काय करू? सरळ भाव घालून हिशोब परत चालवू का?

भुसावळ_लोको
सरळ नको. एकूण नल असलेल्या सगळ्या आधी वेगळ्या काढा, वजन आहे का बघा, ज्या तारखेची गाडी त्याच तारखेचा भाव लावा, आजचा नाही. छापून शेतकऱ्याच्या हातात गेलेल्या असतील तर नवा नंबर देऊ नका, जुन्याच नंबरवर दुरुस्ती म्हणून नोंद ठेवा आणि जुनी रक्कम पण राहू द्या, नाहीतर वर्षाअखेरीला हिशोबनीस एकाच गाडीच्या दोन पावत्या धरेल. आणि हे चालवायच्या आधी डेटाबेसची कॉपी काढून ठेवा, त्यातली एक व्यापाऱ्याच्या पेनड्राइव्हवर.

यावल_रोड
कॉपी काढतोय. तारखेनुसार भावाचा तक्ता व्यापाऱ्याच्या वहीत आहे, सर्व्हरवर फक्त आजचाच भाव असतो. उद्या वही घेऊन बसतो.